विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. वेबपानावर रेषांचा आलेख कसा काढावा?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी,

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतल्या तीन गावांत आम्ही काही जण दर रविवारी विहिरींची पाणीपातळी मोजतो. टेप सोडायची, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर वाचायचं आणि वहीत लिहायचं. वह्यांमधलं सगळं आता मायएसक्यूएलमध्ये भरून झालं आहे. एक टेबल विहिरींचं: क्रमांक, गाव, एकूण खोली. दुसरं नोंदींचं: विहीर क्रमांक, तारीख, पातळी, शेरा. विहिरी चाळीसेक आहेत, नोंदी २०१८ पासूनच्या. होस्टिंग साधं शेअर्ड आहे, त्यावर पीएचपी चालतं. आलेखासाठी चार्टजेएस घेतलं आहे.

हेतू एकच. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रब्बीला काय पेरायचं यावर बोलणं होतं, तेव्हा प्रत्येकाला आपल्या विहिरीची आणि गावाची रेघ फोनवर दिसावी. गहू-कांद्याला पाणी पुरेल की ज्वारी-हरभऱ्यावर थांबायचं, हे अंदाजाने ठरू नये.

रेघ पानावर येते आहे, पण ती जे सांगते ते आम्हाला पटत नाही. पाणी खाली गेलं की रेघ वर जाते. मे महिन्यात ज्या विहिरी कोरड्या असतात, त्यांची रेघ अचानक दुसऱ्या टोकाला जाऊन टेकते. २०२० च्या टाळेबंदीत मोजणी बंद होती, तिथे मार्च ते जूनपर्यंत एक सरळ रेघ आली आहे, जणू पाणी शिस्तीत खाली जात राहिलं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे गावाची सरासरी मे महिन्याच्या शेवटी सुधारते. जाणकारांनी कृपया सांगावं. आकडे खरे आहेत, माणसांनी उन्हात उभं राहून घेतलेले आहेत. त्यांचं चित्र चुकीचं गेलं तर लोक पुन्हा वहीकडे बघणार नाहीत.

सेमीकोलन

ताई, उत्तम काम. सोपं आधी घेऊ.

उलटी रेघ: तुमचा आकडा म्हणजे जमिनीपासून खाली किती, त्यामुळे तो वाढला की पाणी उतरलेलं असतं. चार्टजेएसमध्ये उभ्या अक्षाच्या स्केलला रिव्हर्स ही खूण ट्रू करा. शून्य वर, खोली खाली. हे केल्याशिवाय पुढचं काही बोलू नये, कारण वर जाणारी रेघ म्हणजे चांगलं असंच कुणीही वाचणार.

क्वेरीत तारखेवर ऑर्डर बाय आहे ना, ते पाहा. डेटाबेस ओळी कोणत्या क्रमाने देईल याची हमी तो क्रम मागितल्याशिवाय नसते. आज भरलेल्या क्रमाने येतात म्हणून बरोबर दिसतं. उद्या कुणी जुनी वही सापडली म्हणून २०१९ च्या नोंदी मागाहून भरल्या, की रेघ मागे फिरून स्वतःलाच छेद देऊ लागेल.

नोंदींच्या टेबलावर विहीर क्रमांक आणि तारीख या जोडीची युनिक की टाका. एकच रविवार दोघांनी भरला तर डेटाबेस तिथेच अडवेल, शिवाय एका विहिरीची रेघ काढताना हाच इंडेक्स कामाला येईल. तारखेचा कॉलम डेट प्रकारचा ठेवा, व्हारकॅर (साधा मजकूर) नको. विहीर क्रमांक पानाच्या पत्त्यातून येत असेल तर तो थेट क्वेरीत चिकटवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच (क्वेरी आधी, आकडा वेगळा) द्या.

पीएचपीचं वेगळं पान करा. ते फक्त जेसन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल असा मांडलेला मजकूर, देईल: तारखा आणि पातळ्या. आलेखाचं पान ते मागवेल आणि काढेल. म्हणजे उद्या आलेखाची लायब्ररी बदलली तरी मागचं काही हलणार नाही.

काळा_पाषाण

मी भूजलात आयुष्य काढलेला माणूस, संगणकातलं मला थोडंच कळतं. पण तुमच्या कोरड्या विहिरीचं कोडं मला ओळखीचं वाटतं. विहीर कोरडी असेल तेव्हा पातळीच्या कॉलममध्ये काय भरता? रिकामं की शून्य?

शिवारफेरी

काका, वहीत "कोरडी" असं लिहितो. एक्सेलमध्ये तो रकाना रिकामा ठेवला आणि शेऱ्यात "कोरडी" लिहिलं.

सेमीकोलन

मग तिथेच. सीएसव्ही फाइल लोड डेटा या आज्ञेने भरली असेल आणि स्ट्रिक्ट मोड (चुकीचं मूल्य नाकारण्याची सक्ती) बंद असेल, तर आकड्यांच्या कॉलममधला रिकामा रकाना मायएसक्यूएल शून्य म्हणून घेतो. नल (म्हणजे आकडाच नाही) हवा असेल तर सीएसव्हीत बॅकस्लॅश आणि मोठा एन लिहावा लागतो. आणि जावास्क्रिप्टमध्येही रिकामी स्ट्रिंग आकड्यात बदलली की शून्यच होते. म्हणजे दोन्हीकडे हा खड्डा आहे.

काळा_पाषाण

आणि जमिनीपासूनची खोली शून्य याचा अर्थ विहीर काठोकाठ भरलेली! मे महिन्यात कोरडी विहीर ओसंडून वाहते आहे, असं तुमचा आलेख सांगतो. यापेक्षा मोठी चूक या विषयात होऊ शकत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पातळी नसण्याची कारणं वेगवेगळी असतात. विहीर कोरडी असणं ही माहिती आहे, आणि मोलाची माहिती आहे. मोजणारा गेला नाही, ही माहिती नसणं आहे. पंप चालू होता म्हणून आकडा घेतला नाही, हे तिसरंच. या तिन्हींना एकाच रिकाम्या रकान्यात टाकू नका. "स्थिती" नावाचा कॉलम करा: मोजली, कोरडी, मोजता आली नाही. पातळी फक्त पहिल्या स्थितीत असेल, बाकी दोन्हींत नल.

कोरड्या विहिरीत पाणी "नाही" असं नसतं. ते तळाच्या खाली गेलेलं असतं, किती खाली ते त्या विहिरीतून कळत नाही. म्हणून आलेखात विहिरीचा तळ आडव्या रेषेने दाखवा आणि कोरड्या आठवड्याला त्या तळरेषेवर वेगळी खूण काढा, पोकळ त्रिकोण वगैरे. रेघ तळापर्यंत येऊन थांबेल आणि पाऊस आल्यावर पुन्हा तिथून उठेल. शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आता कठडा. तुम्ही कठड्यापासून मोजता. एकाचा कठडा गुडघ्याएवढा, एकाचा कमरेएवढा, एकाचा नाहीच. प्रत्येक विहिरीच्या कठड्याची उंची विहिरींच्या टेबलात घ्या आणि क्वेरीत वजा करा. मूळ वाचन मात्र आहे तसंच साठवा. मोजलेला आकडा कधीही बदलून ठेवू नये; कठड्याची उंची चुकीची निघाली तर मागे जाता यायला हवं.

मोजायची वेळही लिहा. राज्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी राहतं ते फटींमध्ये आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात, त्यामुळे पंप चालला की विहीर झपाट्याने उतरते आणि सावकाश भरते. पहाटे पंप सुरू होण्याआधीचं वाचन आणि दुपारचं वाचन यांत मीटरभराचा फरक सहज पडू शकतो. एका रविवारी सकाळी आणि पुढच्या रविवारी दुपारी मोजलं, तर रेघ जो उतार दाखवेल तो पंपाचा असेल, भूजलाचा नसेल.

मळेकरी

काका एकदम बरोबर बोलले. आमच्याकडं आठवडा दिवसाची लाइट अन् आठवडा रात्रीची. रात्रीची लाइट असली की सकाळी विहीर तळाला आणि दिवसाची असली की सकाळी भरलेली. मोजणारा एकाच वेळेला आला तरी आकडा हलतो.

काळा_पाषाण

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ताई, मग "पंप बंद होऊन किती तास झाले" हाही रकाना घ्या. अंदाजे चालेल.

रेघोटी

वर्तमानपत्रासाठी आलेख काढायचं काम करते, म्हणून टाळेबंदीतल्या त्या सरळ रेघेबद्दल लिहिते.

दोन ठिपके रेघेने जोडतो तेव्हा मधल्या काळात पाणी साधारण त्या वाटेने गेलं असं आपण वाचणाऱ्याला सांगत असतो. दर रविवारच्या दोन नोंदींमध्ये हे म्हणणं चालून जातं. तीन महिन्यांच्या भगदाडावर नाही चालत. त्या काळात उन्हाळी उपसा झाला असेल, वळीव पडला असेल, कुणाला ठाऊक. तिथे रेघ तुटलीच पाहिजे.

चार्टजेएसमध्ये स्पॅनगॅप्स नावाचा पर्याय आहे. त्याला ट्रू दिलं तर तो सगळी भगदाडं बुजवतो. तसं करू नका. आकडा दिला तर तेवढ्या अंतरापर्यंतच जोडतो. वेळेच्या अक्षावर तो आकडा मिलिसेकंदांत असतो. १० दिवसांसाठी ८६,४०,००,०००. म्हणजे एखादी नोंद सोमवारी झाली तरी जोडली जाईल, पण एक रविवार चुकला की रेघ तुटेल. मात्र आडवा अक्ष टाइम प्रकारचा हवा. कॅटेगरी प्रकारात प्रत्येक ओळीला सारखीच जागा मिळते आणि तीन महिन्यांचं भगदाड एका आठवड्याएवढं दिसतं. आवृत्ती ३ पासून टाइम अक्षासाठी तारखांचा अॅडॅप्टर वेगळा जोडावा लागतो, तो विसरला की पान कोरं राहतं.

दुसरं, वळणदार रेघ काढू नका. रेघेचं वळण ठरवणारं टेन्शन शून्य ठेवा. जुन्या आवृत्ती २ मध्ये ते न सांगताच ०.४ असायचं आणि रेघ गोंडस दिसायची, पण वळण घेताना ती ठिपक्याच्याही पलीकडे जाते. जुलैच्या पहिल्या पुरानंतर विहीर भरते तिथे तर हमखास. प्रत्यक्षात न मोजलेली पातळी आलेखात दिसते.

आणि ठिपके लपवू नका. रेघ फिकी, ठिपका ठळक. ठिपका म्हणजे तिथे कुणीतरी टेप सोडली होती.

सेमीकोलन

तुटलेल्या रेघेऐवजी तुटक तुटक रेघ काढली तर? सेगमेंट पर्यायातून तेवढ्या तुकड्याला बॉर्डरडॅश देता येतो. डोळ्याला सलगता राहते.

रेघोटी

काढता येते, पण मी काढणार नाही. एक-दोन आठवड्यांसाठी ठीक. तीन महिन्यांची तुटक रेघ फोनच्या छोट्या पडद्यावर रेघच वाटते, आणि कुणी स्क्रीनशॉट पुढे पाठवला की खालची सूची त्याच्यासोबत जातेच असं नाही.

मळेकरी

मोकळी जागा राहू द्या. लोक विचारतील इथं काय झालं, मग आपण सांगू मोजायला कुणी नव्हतं. पुढच्या टायमाला चार पोरं मोजायला येतील.

शिवारफेरी

मळेकरी दादांचं पटलं. रेघ तोडते. शून्यांचा शोध घेतला. काका म्हणाले तसंच आहे. स्थितीचा कॉलम टाकून शेऱ्यावरून भरून घेतला.

आता सरासरीचं सांगा.

काळा_पाषाण

ते आता तुम्हीच ओळखाल. ती सुधारल्यासारखी दिसायची ती कोरड्यांच्या शून्यांमुळे. आता ते शून्य गेलं, नल आला. सरासरी काढणारं एव्हीजी फंक्शन नल सोडून देतं. मे महिन्यात उथळ विहिरी आटतात आणि गणतीतून बाहेर पडतात, तेव्हा…

सेमीकोलन

…उरलेल्यांचीच सरासरी येते. प्रत्येक आठवड्याला वेगळ्या विहिरींची सरासरी! मग मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा, घेऊ या का? कोरड्या विहिरी सगळ्यांत खोल धरायच्या, नेमका आकडा लागत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पर्सेंटाइल कंट फंक्शनने सोपं आहे. मायएसक्यूएलमध्ये तयार फंक्शन नाही, पण आवृत्ती ८ पासूनच्या विंडो फंक्शनने रांग लावून मधला घेता येतो.

काळा_पाषाण

कल्पना चांगली, पण एक अडचण आहे. सहा मीटर खोलीची विहीर आटली तर पाणी सहा मीटरच्या खाली आहे एवढंच कळलं. गावाचा मध्यक नऊ असेल तर तिची पातळी नऊच्या वर की खाली, हे सांगता येत नाही. तिला सगळ्यांत खोल धरणं म्हणजे तिच्या तोंडी आपलं म्हणणं घालणं.

माझं मत: गावासाठी सरासरीची एकच रेघ काढायचा आग्रह सोडा. त्याऐवजी दोन गोष्टी दाखवा. एक, मोजलेल्या विहिरींपैकी किती कोरड्या, याची आठवड्यागणिक रेघ. सोबत किती मोजल्या हेही. दुसरी, कधीही न आटणाऱ्या पाच-सहा खोल विहिरी निवडून फक्त त्यांची सरासरी, आणि शीर्षकात तसं स्पष्ट लिहा. त्या विहिरी मग बदलायच्या नाहीत.

सरकारी नोंदींशी ताडून पाहायची असेल तर लक्षात घ्या, केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं: जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. चार ठिपके रेघेने जोडून तुमच्या साप्ताहिक रेघेवर ठेवू नका, ठिपकेच ठेवा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते आणि त्यावरून टंचाईचा अंदाज बांधते. तुमची ग्रामसभाही ऑक्टोबरमध्येच आहे, तेव्हा हीच पद्धत तुमच्या पानावर शोभेल.

रेघोटी

काकांच्या शेवटच्या वाक्यावरून: २०१८ पासूनची एकच लांब रेघ काढली तर करवतीचे दाते दिसतात आणि यंदाचं वर्ष कसं आहे ते कळत नाही. वर्षं एकावर एक ठेवा. आडवा अक्ष १ जून ते ३१ मे असा जलवर्षाचा, प्रत्येक वर्षाची वेगळी रेघ, यंदाची ठळक, बाकीच्या करड्या. जानेवारीपासून सुरुवात केली तर रब्बीचा हंगाम मधोमध कापला जातो.

क्वेरीत जलवर्ष काढायचं म्हणजे महिना सहापेक्षा लहान असेल तर सालातून एक वजा. मग सगळ्या तारखा एकाच खोट्या जलवर्षावर बसवायच्या. त्यासाठी जून २०२३ ते मे २०२४ घ्या. त्यात २९ फेब्रुवारी येते, त्यामुळे लीप वर्षातली नोंद पडून राहत नाही.

करड्या रेघांची गर्दी झाली तर त्यांऐवजी दर आठवड्याची सर्वांत उथळ आणि सर्वांत खोल पातळी घेऊन मधला पट्टा रंगवा. फिल पर्याय एका रेघेपासून आधीच्या रेघेपर्यंत रंग भरतो. दोन रेघांमधली जागा रंगवून सांगायची ही रीत जुनी आहे, विल्यम प्लेफेअरने १७८६ साली आयात-निर्यातीच्या रेघांमध्ये ती वापरली होती. फक्त पट्टा काढताना कोरड्या आठवड्यांचं काय, ते ठरवा. मी तर त्या आठवड्यांना पट्टा थेट तळरेषेपर्यंत नेईन.

हडसनकाठ

नमस्कार. या तीनपैकी एका गावात माझं माहेर आहे, सध्या न्यू जर्सीत असते. भावाने पानाचा दुवा पाठवला. आमची विहीर बघून फार बरं वाटलं. पण माझ्याकडे ठिपक्यावर बोट ठेवलं की शनिवारची तारीख येते. भाऊ म्हणतो मोजणी रविवारची असते.

सेमीकोलन

ताई, ही ब्राउझरची खोड आहे. नुसती तारीख, वेळेशिवाय, जावास्क्रिप्टच्या न्यू डेटला दिली की तो ती ग्रिनिचची मध्यरात्र समजतो. आपल्याकडे ती पहाटेचे साडेपाच होते, वार तोच राहतो, म्हणून इथे कुणाला कळत नाही. न्यू जर्सीत मात्र आदल्या संध्याकाळचे आठ. १२ मे २०२४ चा रविवार तुमच्याकडे ११ मेचा शनिवार होतो.

शिवारफेरी ताई, टूलटिपच्या (ठिपक्यावर बोट ठेवल्यावर येणाऱ्या चौकटीच्या) कोडमध्ये तारीख थेट न्यू डेटला जात असणार. साल, महिना, दिवस वेगळे काढून तीन आकडे द्या, म्हणजे तो स्थानिक मध्यरात्र धरतो. महिना शून्यापासून मोजला जातो, तेवढं सांभाळा.

पुढे कुणी हे पीएचपीऐवजी नोडवर (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर) नेणार असेल त्यांच्यासाठी: तिथे उलटा खड्डा आहे. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर डेट कॉलमचं स्थानिक मध्यरात्रीच्या डेट ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करतो. जेसन होताना ती ग्रिनिच वेळेत जाते, आणि भारतातली १२ तारीख ११ तारखेचे १८:३० म्हणून बाहेर पडते. पहिली दहा अक्षरं कापून घेणाऱ्याची प्रत्येक नोंद एक दिवस मागे. डेटस्ट्रिंग्ज पर्याय ट्रू केला की तारीख जशीच्या तशी येते.

शिवारफेरी

दुरुस्त केलं. हडसनकाठ ताई, आता बघा बरं.

हडसनकाठ

रविवार आला! मनापासून आभार. आबांना सांगते.

मळेकरी

ताई, पाऊस पण दाखवा की त्याच्यात. किती पावसाला विहीर किती उठली ते कळंल.

काळा_पाषाण

दाखवाच. पण पावसाची रेघ काढू नका. पाऊस हा त्या दिवसाचा साठा नसतो, त्या चोवीस तासांत पडलेली बेरीज असते. आज ४० मिलिमीटर आणि उद्या शून्य यांना जोडणाऱ्या उतारावर काहीच घडलेलं नसतं. दैनंदिन पावसाला स्तंभ. १ जूनपासूनची एकत्रित बेरीज असेल तर तिला रेघ चालते.

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १६ जुलैची नोंद म्हणजे १५ च्या साडेआठपासून १६ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस. १५ च्या रात्री झोडपलं तर आकडा १६ ला दिसणार. पानावर एक ओळ लिहून ठेवा, नाहीतर "पाऊस तर आदल्या दिवशी पडला" यावरून वाद होतील.

रेघोटी

आणि एकाच चौकटीत डावीकडे मीटर, उजवीकडे मिलिमीटर असे दोन अक्ष नकोत. दोन्ही मोजपट्ट्या आपण हव्या तशा ताणू शकतो, त्यामुळे हवा तो संबंध दिसतो. पावसाची छोटी चौकट वर, विहिरीची मोठी खाली, आडवा अक्ष एकच.

धरणकाठ

जरा वेगळा प्रश्न. आमच्याकडे एका विहिरीत स्वयंचलित संवेदक बसवला आहे, दर १५ मिनिटांनी आकडा येतो. वर्षाच्या ३५,०४० ओळी. फोनवर पान अडकतं. सरासरी घेऊन कमी करू का?

सेमीकोलन

फोनच्या पडद्यावर रुंदीला काहीशे ठिपके मावतात, तिथे पस्तीस हजार पाठवायचेच कशाला? डेटाबेसमध्येच ग्रुप बाय करून दिवसाला तीन आकडे काढा: सर्वांत उथळ, सर्वांत खोल आणि पहाटेचा. पहाटेच्याची रेघ, बाकी दोघांचा पट्टा. नुसती सरासरी घेतली तर पंपाने विहीर कुठवर उतरते हेच नाहीसं होतं, आणि तुम्हाला तर तेच बघायचं असणार.

ओळी तशाच पाठवायच्या असतील तर चार्टजेएसमध्ये डेसिमेशन (ठिपके विरळ करणारं) प्लगइन आत आहेच. त्यात मिन-मॅक्स आणि एलटीटीबी असे दोन मार्ग आहेत. एलटीटीबी ही पद्धत २०१३ साली आइसलँड विद्यापीठातल्या प्रबंधातून आली. रेघेचा आकार डोळ्याला तोच राहील असे ठिपके ती निवडून ठेवते. मात्र पार्सिंग फॉल्स करून एक्स-वाय जोड्या द्याव्या लागतात, नाहीतर प्लगइन गप्प बसतं आणि काही सांगतही नाही.

धरणकाठ

दिवसाला तीन आकड्यांवर आणलं. पान चटकन उघडतं. पट्टा बघून पंप कुठल्या दिवशी किती चालला ते लगेच कळतं आहे.

शिवारफेरी

आता छपाईचं. ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावायचा आहे. आलेखाचं चित्र छापलं की अक्षरं फुटतात. आणि अंक मराठीत हवेत, कितीतरी आजी-आजोबांना तेच वाचायची सवय आहे.

रेघोटी

अक्षांच्या अंकांसाठी चार्टजेएसच्या लोकेल पर्यायात मराठीचा संकेत, एमआर-आयएन, द्या. देवनागरी अंक आपोआप येतात. फाँट वेबवरून आणत असाल तर तो उतरून झाल्यावरच आलेख काढा, कॅनव्हासवर (चार्टजेएस ज्यावर ठिपक्यांचं चित्र काढतं त्यावर) एकदा उमटलेली अक्षरं नंतर फाँट आला म्हणून बदलत नाहीत.

छपाईसाठी कॅनव्हास सोडा, एसव्हीजी (रेषांच्या सूचना लिहून केलेलं चित्र) घ्या. लायब्ररीही नको. पीएचपीतच एक पॉलीलाइन (ठिपके जोडणारी रेघ) लिहायची: प्रत्येक नोंदीसाठी आडवं अंतर म्हणजे १ जूनपासूनचे दिवस गुणिले दोन, उभं अंतर म्हणजे मीटरमधली खोली गुणिले वीस. एसव्हीजीत उभा अक्ष मुळातच वरून खाली वाढतो आणि तुमची खोलीही वरून खालीच मोजली जाते. उलटं काही करावं लागत नाही! तुटक काळासाठी नवी पॉलीलाइन सुरू करायची. कितीही मोठ्या कागदावर छापा, रेघ धारदारच येते.

झेरॉक्सवर रंग जातात, म्हणून यंदाची रेघ जाड आणि मागची पातळ, आणि वर्षाचं नाव रेघेच्या टोकालाच लिहा.

उंबरातळी

एक सूचना. फलकावर आणि पानावर विहिरीसोबत मालकाचं नाव देऊ नका, क्रमांकच पुरे. उन्हाळ्यात कुणाच्या विहिरीला पाणी आहे हे साऱ्या तालुक्याला कळणं प्रत्येकाला आवडेलच असं नाही. ज्याला आपला क्रमांक माहीत आहे तो बघेल. नकाशावर नेमका ठिपकाही नको.

शिवारफेरी

हे लक्षातच घ्यायला हवं. नावं जेसनमध्येही जाऊ देणार नाही, नुसती पानावरून लपवून उपयोग नाही.

मळेकरी

अजून एक. आमच्या विहिरीचं गेल्या उन्हाळ्यात खोलीकरण केलं, सात-आठ फूट खाली नेली. तुमच्याकडं खोली एकच लिहिलीय ना? मग जुनी कोरडी वर्षं आता कुठं दिसतील?

सेमीकोलन

दादा, नेमकं पकडलंत. विहिरींच्या टेबलातली खोली बदलली की मागच्या सगळ्या वर्षांची तळरेषा एकदम खाली सरकेल आणि जुने कोरडे त्रिकोण नव्या तळावर जाऊन बसतील. २०१९ ला पाणी होतं त्यापेक्षा कितीतरी खाली गेलं होतं, असा त्याचा अर्थ होईल.

खोलीसाठी तिसरं टेबल करा: विहीर क्रमांक, कधीपासून, खोली. नोंद जोडताना तिच्या तारखेच्या आधीची सर्वांत अलीकडची खोली घ्यायची. कठड्याची उंचीही तिथेच न्या, कठडे नव्याने बांधले जातातच. तळरेषेसाठी चार्टजेएसचा स्टेप्ड पर्याय वापरा, म्हणजे खोलीकरणाच्या दिवशी ती पायरीसारखी उतरेल, तिरकी जाणार नाही. आणि फूट दिलेत तर ०.३०४८ ने गुणून मीटर करा, टेबलात दोन्ही एकत्र नकोत.

काळा_पाषाण

त्या पायरीवर "खोलीकरण" असं छोट्या अक्षरांत लिहा. आडवे बोअर घेतले असतील तर तेही. तिथून पुढे ती विहीर वेगळी वागते, म्हणून न आटणाऱ्या निवडक विहिरींच्या सरासरीत तिला घेऊ नका.

शिवारफेरी

दादा, खोलीकरण कोणत्या महिन्यात पूर्ण झालं आणि आता कठड्यापासून तळ किती, एवढं टेप सोडून कळवाल का? बाकी दोन गावांतल्या कुणाकुणाच्या विहिरी खोल केल्या, तेही या रविवारी विचारून घेते आणि तिसरं टेबल भरते.

मळेकरी

एप्रिलमध्ये झालं. टेप सकाळी लाइट यायच्या आधी सोडतो अन् इथंच टाकतो.